ओहोटी होती म्हणून एक तारा! पाहुण्यांच्या अशा तक्रारींचं काय करायचं?

पोफळीखाली

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली.

गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर आहे. त्यातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतो. बुकिंग मी आणि नवरा बघतो, बाजारहाट आणि बिलाचं काम धाकटे दीर करतात, आणि स्वयंपाकाला गावातल्याच एक काकी येतात. काकींच्या हाताला चव आहे, परत येणारे पाहुणे त्यांच्यासाठीच येतात.

गेल्या पौर्णिमेला एक कुटुंब आलं. पोचले संध्याकाळी साडेपाचला. सामान टाकलं आणि तडक समुद्रावर. दहा मिनिटांत परत. म्हणे, पाणी कुठाय? फोटोत तर पाणी माडांच्या मुळाशी दाखवलंय! मी सांगितलं, आत्ता पूर्ण ओहोटी आहे, उद्या दुपारी बाराच्या सुमाराला बघा. दुसऱ्या दिवशी बाराला उधाणाचं पाणी खरंच मुळाशी आलं, तर तक्रार अशी की मुलांना खेळायला वाळूच राहिली नाही.

रात्रीच्या जेवणाचं वेगळंच. त्यांनी सुरमई सांगितली होती. त्या दिवशी चांगली सुरमई मिळाली नाही, तसं दिरांनी सकाळीच व्हॉट्सॲपवर कळवलं. उत्तर आलं, "चालेल, लोकल काहीही द्या." काकींनी बांगड्याचं तिखलं केलं. पहिल्याच घासाला त्यातले एक गृहस्थ ओरडले, "यात काटे आहेत!" काकी म्हणाल्या, बांगड्याला काटा असायचाच. झालं. "ए बाई, काटे काढून द्यायचे एवढी अक्कल नाही?" इथपासून जे सुरू झालं ते पुढे लिहीत नाही.

निघताना बिल अर्धं करा म्हणाले. दिरांनी कटकट नको म्हणून हजार रुपये सोडले. घरी पोचल्यावर त्यांनी एक तारा दिला. "समुद्र लांब. जेवणात काटे. स्टाफ उद्धट."

हे काकींच्या नातवाने मोबाइलवर त्यांना वाचून दाखवलं. काल काकी म्हणाल्या, महिना संपला की दुसरी कोणी बघा.

तर विचारायचंय असं की रिव्ह्यूला उत्तर द्यावं का? दिलं तर काय? आणि असे पैसे सोडावेत का? तुमच्याकडे काय करता?

तिरफळ

"सुरमई नाही म्हणून बांगडा चालेल, पण सुरमईसारखा हवा." ही मागणी आमच्या खानावळीत आठवड्यातून एकदा तरी असतेच. एकाने सोलकढी परत केली होती, ‘मिल्कशेक फाटलाय’ म्हणून. हसू नका, खरं आहे.

भरतीचं मात्र तुम्ही बुकिंग घेतानाच सांगून टाका. आमच्याकडचा जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक असेल, तरी नव्या होमस्टेवाल्यांसाठी लिहितो. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय पौर्णिमा-अवसेला उधाण असल्यामुळे पाणी वर येतं तेवढंच मागेही जातं, अष्टमीला भांग (उधाणाच्या उलट, कमी जोराची भरती-ओहोटी) असते तेव्हा दोन्ही बेताचं. तुमचे पाहुणे नेमके उधाणाच्या ओहोटीला पोचले. सूर्यास्ताचा फोटो आणि पोहणं दोन्ही एका वेळी हवं असेल तर त्यांनी अष्टमीच्या आसपास यावं. पंचांग बघून सहल ठरवायला सांगा. 😄

कासवांच्या_गावचा

तुमच्याकडे समुद्र तरी आहे जागेवर. आमच्या वेळासला लोक कासवाची पिल्लं बघायला येतात. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची घरटी सापडली की अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत हलवतात. पुढे साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. कधी येतील ते वाळूच्या उबेवर. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात, असली तर समुद्राकडे सोडतात, नसली तर नाही.

आता हे माहीत असूनही "आम्ही एवढ्या लांबून आलो, एक तरी सोडा" म्हणणारे भेटतात. एका बाईंनी विचारलं होतं की कालच्यातलं एखादं राखून ठेवता आलं नसतं का. एक गृहस्थ तर राहण्याचे पैसे परत मागत होते. मुलगा रडतोय, जबाबदार कोण?

आम्ही एक केलं. ॲडव्हान्स घेण्याआधी एकच ओळ पाठवतो: "पिल्लं दिसतीलच असं नाही, दिसली नाहीत तरी राहण्या-जेवण्याचे पैसे पूर्ण द्यावे लागतील. मान्य असल्यास ‘हो’ लिहा." ‘हो’ आल्याशिवाय खातं क्रमांक पाठवत नाही. त्या ओळीवरच जो हुज्जत घालतो त्याला खोली भरली आहे सांगतो. तेवढी थाप चालते.

बोटवालो_देवबाग

आमच्याकडे एक पावणो बोटीत चढतानाच सांगी होतो, डॉल्फिन दिसले नाय तर पैसे देवचंय नाय. मी म्हटलंय, साहेब, दिसले तर डबल देशात? तो गप.

मे महिनो संपता संपता बोटी वर काढूच्ये लागतत, ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याची वाहतूक बंद. तरी जुलयत फोन येतत. "सिंधुदुर्ग किल्ल्यार सोडशात काय? जास्त पैसे देतंव." नाय म्हटल्यार "तुमका धंदो करूचोच नाय." दर्यो बघून मगे बोला म्हणान सांगतंय आणि फोन ठेवतंय. तेच्यार कोणी एक तारो दिल्यान तर देवंदे. जीव गेलो तर पाच तारे घेवन काय करतलंय?

पुण्यातली_पाहुणी

सगळे यजमान जमलेत म्हणून पाहुण्यांच्या बाजूनेही थोडं.

काटे आणि ओहोटीची तक्रार हास्यास्पद आहे, काकींशी जे बोलले ते तर अक्षम्य. पण ‘पाहुणे असेच’ हा सूर पटला नाही. आम्ही दर पावसाळ्यात कोकणात येतो. गेल्या जुलैत एका ठिकाणी (गाव सांगत नाही) "आज सकाळची ताजी सुरमई" म्हणून थाळी दिली, दर चढा लावला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते हे मलाही ठाऊक आहे. मी विचारलं, ताजी कुठून आली? तर मालक म्हणाले, "तुम्ही पुण्याच्या ना?" संपला विषय! फ्रीजरमधली आहे म्हणाले असते तर मी खाल्लीही असती.

‘सी-व्ह्यू’ खोलीचंही तेच. समुद्र दिसत होता, न्हाणीघराच्या झरोक्यातून, बादलीवर उभं राहिलं तर. बिल मागितलं तर कागदाच्या चिठोऱ्यावर नुसता आकडा. आणि पोफळीखाली ताई, राग मानू नका, पण तुमच्या फोटोत फक्त भरतीचंच पाणी आहे ना?

बंदरावरची

बरोबर बोललात. बंदीच्या दिवसांत मोठी मासळी सांगूच नये पाहुण्यांना. बिगरयांत्रिक होड्यांना परवानगी असते, खाडीची मासळी येते, तिसऱ्या (शिंपल्या) मिळतात, घरात सोडे-सुकट असतं. सोड्याची खिचडी दिली तर बोटं चाटतात. पण "सुरमई आहे का" विचारलं की ‘नाही’ म्हणायला यांची जीभ उचलत नाही.

पोफळीखाली

@पुण्यातली_पाहुणी, राग कसला. फोटो भरतीचेच आहेत, खरंय. भाच्याने काढलेत आणि त्याला पाणी जवळ आल्यावरच फोटो काढावासा वाटला. 😊 आज ओहोटीचाही एक घातला, खाली वेळ लिहून.

पण त्या गृहस्थांना ओहोटीचा फोटो दाखवला असता तरी ते काटे मोजत बसले असते असं मला वाटतं.

रिसेप्शनवर_आठ_तास

मी मालक नाही, नोकर आहे. अलिबागच्या बाजूला एका रिसॉर्टच्या काउंटरवर उभी असते. तेव्हा जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, तक्रार कधी येते ते बघायचं. रात्री अकराला फोन आला की एसीतून पाणी गळतंय, तर ते खरं असतं. त्या माणसाला झोपायचंय. तिथे वाद नाही, माफी मागायची, माणूस पाठवायचा, दुरुस्त होत नसेल तर खोली बदलून द्यायची. पण दोन रात्री राहून, नाश्ता करून, बिल समोर आल्यावर "पहिल्या दिवसापासून एसी चालत नव्हता" असं जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं घासाघीस असते. मी तेव्हा एवढंच विचारते, "पहिल्या दिवशी कोणाला सांगितलं होतंत? मी नोंद बघते." नोंदवही खरंच उघडायची, आवाज चढवायचा नाही. निम्मे लोक तिथेच पैसे काढतात.

ओरडणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. त्याचं संपलं की त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं: "म्हणजे गरम पाणी सकाळी सातनंतर आलं नाही, बरोबर?" आपलं म्हणणं पोचलंय एवढं कळलं की माणूस खाली येतो. मग दोन पर्याय द्यायचे, दोनच, आणि दोन्ही आपल्याला परवडणारे. "काय करू सांगा" असं कधीच विचारायचं नाही, कारण मग तो सांगतो.

आता खरं बोलायचं ते. आम्ही काउंटरवर पंधरा मिनिटं शांतपणे ‘नाही’ म्हणतो. मग पाहुणा म्हणतो, मालकांना बोलवा. मालक येतात, हसतात, "अहो, जाऊ दे, वीस टक्के कमी करा." पाहुणा माझ्याकडे बघून जो चेहरा करतो ना, तो बघायला मालक थांबत नाहीत. त्यांना वाटतं, वाद मिटला. मिटला नाही, मी खोटी ठरले. पुढच्या वेळी तो पाहुणा काउंटरवर थांबतच नाही, थेट मालकांना फोन. आणि पुढच्या वेळी मीही पंधरा मिनिटं घालवत नाही, पहिल्याच मिनिटाला फोन त्यांच्या हातात देते.

ताई, तुमच्या दिरांनी हजार रुपये सोडले ते पैशांच्या दृष्टीने मोठे नसतील. पण काकींनी ते बघितलं असणार. त्यांनी सांगितलेलं बरोबर होतं (बांगड्याला काटा असतो, त्यात चूक काय?) आणि घरच्या माणसाने त्याचीच भरपाई दिली. मी काकींच्या जागी असते तर रिव्ह्यूपेक्षा ते लागलं असतं.

तिरफळ

+१. ही पोस्ट छापून प्रत्येक गल्ल्यामागे लावा.

धक्क्यावरचा

मी फेरीबोटीवर गाड्या लावून घेतो. आमच्याकडे तर मालकही समोर नसतो आणि सूट द्यायची सोयही नाही, तिकिटाचा दर ठरलेला. मे महिन्यात आणि गणपतीत गाड्यांची रांग वर रस्त्यापर्यंत जाते. रांग मोडून पुढे आलेली मोठी गाडी मागे घ्यायला सांगितली की पहिला प्रश्न, "ओळखतोस का मला?" मी म्हणतो, "नाही साहेब, पण तुमच्या मागच्या चाळीस जणांना मी आता चांगला ओळखतो." कधी चालतं, कधी शिवी मिळते.

काउंटरवाल्या ताईंचे दोन पर्याय माझ्या कामाचे नाहीत. बोट भरली म्हणजे भरली. मला एवढंच करता येतं की पुढची किती वाजता आणि तुमचा नंबर लागेल की नाही ते खरं सांगायचं. "पाच मिनिटांत" असं म्हणायचं मी सोडून दिलंय. पाऊण तास लागेल म्हटलं तर लोक उतरून चहा पितात, पाच मिनिटं म्हटलं तर सहाव्या मिनिटाला गळा धरतात.

शिवी दिलेल्या माणसाची गाडीही नीटच लावावी लागते. बोट हलली तर त्याच्याबरोबर आपणही आहोत.

वकीलबाई_रत्नागिरी

कायद्याचं थोडं, कारण "ग्राहक कोर्टात खेचीन" ही धमकी सगळ्यांनाच मिळते.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. जुन्या आणि नव्या कायद्यातला तुमच्या कामाचा फरक म्हणजे ग्राहक आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही तक्रार करू शकतो. म्हणजे नागपूरचा पाहुणा नागपुरात दाखल करेल. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फीही नाही. मुदत साधारण दोन वर्षांची. तेव्हा धमकी अगदीच पोकळ समजू नका. आयोगाची नोटीस आली तर ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात. नोटीस खिडकीत ठेवून विसरलात तर निकाल तुमच्याशिवाय लागेल.

पण तक्रार केली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. सेवेत त्रुटी होती हे ग्राहकाला दाखवावं लागतं. ओहोटी ही यजमानाची त्रुटी नाही आणि बांगड्याचा काटा तर नाहीच नाही. त्यातून "लोकल काहीही द्या" हा मेसेज तुमच्याकडे आहे, तो पुसू नका. वेळासवाल्यांचं ‘हो’ लिहून घेणं मला फार आवडलं, असा साधा पुरावा वकिलाला मिळत नाही.

मात्र पुण्याच्या ताईंचं म्हणणं कायद्यातही बसतं. नाही ते आहे म्हणून विकणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. चिठोऱ्यावर आकडा लिहून देणाऱ्यांनी पन्नास-शंभर रुपयांचं बिलबुक छापून घ्या.

रिव्ह्यूबद्दल: मत न पटणं हे रिव्ह्यू काढायचं कारण होत नाही. शिवीगाळ असेल, न आलेल्या माणसाने लिहिला असेल तर ‘रिपोर्ट’ करता येतो. तुमचा रिव्ह्यू तसा दिसत नाही, राहील तो. उत्तर देता येतं, ते द्या.

पोफळीखाली

सगळ्यांचे आभार. @रिसेप्शनवर_आठ_तास, तुमची पोस्ट दिरांना वाचायला दिली. आधी चिडले. म्हणाले, सहा माणसं अंगणात आरडाओरडा करतायत, शेजारी बघतायत, हजार रुपयांनी शांतता मिळत असेल तर काय वाईट? मग संध्याकाळी स्वतःच काकींकडे गेले. काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत. काकी म्हणतात, गणपतीपर्यंत बघते.

आता आमचं असं ठरलंय की जेवणाबद्दल काकी बोलतील ते शेवटचं. आणि त्यांना कोणी अरेतुरे केलं तर पुढचं पान वाढायचं नाही, मग तो कितीही मोठा पाहुणा असो. हे नवऱ्याला जरा जड गेलं. बघू पहिली वेळ येईल तेव्हा.

रिव्ह्यूला असं उत्तर लिहिलंय, कसं वाटतं सांगा:

"नमस्कार. आपण आलात त्या दिवशी पौर्णिमा होती, संध्याकाळी ओहोटी होती. सुरमई मिळाली नसल्याचं त्याच सकाळी कळवलं होतं आणि ‘लोकल काहीही द्या’ असं आपलं उत्तर होतं. बांगड्यात काटे असतात. आपला हिरमोड झाला याबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. मात्र आमच्या काकींशी आपल्यापैकी एकांनी वापरलेली भाषा आम्हाला मान्य नाही. पुढे येणाऱ्या पाहुण्यांसाठी: भरती-ओहोटीच्या वेळा बुकिंग करताना विचारा, आम्ही सांगू."

रिसेप्शनवर_आठ_तास

छान आहे. ‘भाषा मान्य नाही’ हे वाक्य मात्र काढा असं सुचवेन. हे उत्तर त्या गृहस्थांसाठी नसतं, पुढच्या महिन्यात खोली शोधणाऱ्यासाठी असतं. त्याला भांडणाचा वास आला की तो पुढच्या घराकडे जातो.

पुण्यातली_पाहुणी

मी ती खोली शोधणारी आहे आणि मला ते वाक्य ठेवलेलं आवडेल. काढायचंच असेल तर ‘मनःपूर्वक’ काढा. दिलगीर कशाबद्दल, चंद्राबद्दल?

बोटवालो_देवबाग

वाक्य ठेवा. आणि ता ‘बांगड्यात काटे असतात’ सगळ्यात वर घाला.

पोफळीखाली

‘मनःपूर्वक दिलगीर’ची अख्खी ओळ काढली, काकींची ठेवली. @रिसेप्शनवर_आठ_तास, तुमचं धंद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, पण हे उत्तर काकींचा नातूही वाचणार आहे. आत्ताच टाकलं.

धक्क्यावरचा

एक विषयांतर. पाहुण्यांच्या ड्रायव्हरला झोपायला जागा आणि जेवण कोण देतं तुमच्याकडे? आमच्या धक्क्यावर रात्री गाडीत झोपलेले ड्रायव्हर दिसतात, विचारलं तर म्हणतात मालक म्हणाले होमस्टेवाला देईल, होमस्टेवाला म्हणतो बोललेच नव्हते.

तिरफळ

अरे, याला वेगळा धागा काढा, इथे वकीलबाईंनाही पुरणार नाही. आम्ही ड्रायव्हरचं जेवण निम्म्या दरात देतो, पण झोपायचं काय ते अजून सुटलेलं नाही.